म्हणजे कुठवर?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या आक्कांनी मला एक प्रश्न विचारला. मी अगदी बरोबर उत्तर दिलं, आणि त्या उत्तराचा त्यांना काडीचाही उपयोग झाला नाही. हे मनातून जात नाही.

दिवेलागणीची वेळ होती. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. आक्का डोक्यावर पदर घेऊन आमच्या पायरीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बघ गं पोरी तुझ्या फोनात, पाणी किती झालंय?" गटावर नुकताच आलेला मेसेज मी वाचून दाखवला. आयर्विन पुलाची पातळी इतके फूट इतके इंच, कोयनेचा विसर्ग इतके क्युसेक, वाढ सुरू. आक्कांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मान डोलावली. मग म्हणाल्या,

"म्हणजे कुठवर?"

मी पुन्हा मेसेज वाचला. त्यात तेवढंच होतं.

सांगलीत पावसाळ्यात लोक घड्याळाकडे पाहावं तसं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे पाहतात. हा पूल १९२९ चा. तिथं ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २००५ ला पाणी ५४ च्या घरात गेलं होतं, २०१९ ला ते ५७ च्याही वर गेलं. पण पुलाचा फूट आणि आपल्या उंबऱ्याचा फूट यांच्यामध्ये आख्खं गाव पसरलेलं आहे. आधी सूर्यवंशी प्लॉटकडची खालची घरं भिजतात, मग कर्नाळ रस्ता जातो, मग मारुती चौक, हरभट रोड. एकाच गल्लीत या टोकाच्या घरात चुलीपर्यंत पाणी आणि त्या टोकाला पोरं पायरीवर बसून कागदाच्या होड्या सोडतायत, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. आक्कांना नदीची उंची नको होती. आपली गाय, आपली औषधांची पिशवी आणि आपला देव्हारा यांचं काय होणार, हे त्यांना हवं होतं.

शेवटी त्यांना उत्तर दिलं माझ्या बाबांनी. "आक्का, पाच साली तुमचा उंबरा ओला झाला होता आणि आमच्या दुसऱ्या पायरीला शिवून पाणी मागं गेलं होतं. आठवतंय न्हवं? मग." बाबांनी तेव्हा दुसऱ्या पायरीच्या कडेला भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवली होती, शेजारी तारीख. ती रेघ त्यांनी आक्कांना बोट लावून दाखवली. आक्कांचा चेहरा सैल पडला. फोनमधल्या आकड्यांनी जे झालं नाही ते त्या एका वाक्यानं झालं, कारण त्यात त्यांचा उंबरा होता, आमची पायरी होती, आणि पाणी मागं गेलं असा शेवट होता.

त्या शेवटावर आम्ही सगळे विसंबलो. आक्कांनी गाय मिरजेला लेकीकडे धाडली, पण स्वतः थांबल्या. आम्ही जमिनीवरचं सगळं उचलून खाटेवर ठेवलं. गल्लीतल्या बहुतेक घरांनी तेच केलं, पाच सालच्या खुणेपेक्षा हातभर वर. मग रात्री पाणी निळ्या रेघेला लागलं, आणि थांबलं नाही. पहाटेपर्यंत ते उंबरा ओलांडून आत आलं आणि खाट पाण्याखाली गेली. आक्कांना शेजारच्या पोरांनी पाठकुळी घेऊन बाहेर काढलं.

खाटेवर माझ्या आजोबांची पत्र्याची पेटी होती. आजोबा नारदीय कीर्तन करायचे, आणि त्यांच्या आख्यानांच्या अकरा वह्या त्या पेटीत होत्या. शाईच्या पेनानं लिहिलेल्या. पाणी उतरल्यावर पेटी उघडली तेव्हा पानं एकमेकांना चिकटून साबणाच्या वडीसारखी झाली होती. जी सुटली त्यांच्यावर निळसर ढग होते, मधूनच एखादी वेलांटी. बाबांनी ती पानं गच्चीवर दगड ठेवून वाळवली. कोणी काही बोललं नाही. बाबांना दोष देण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. त्यांची गोष्ट खरी होती, शब्दनशब्द.

मी पोटासाठी प्रोग्रॅमिंग करते. लोक प्रश्न विचारतात आणि यंत्र उत्तर देतं, त्या मधल्या जागेत माझा दिवस जातो. त्या दिवाळीत मी पुन्हापुन्हा एकाच गोष्टीवर येत होते. आमच्या घरी एकाच संध्याकाळी दोन उत्तरं दिली गेली. एक आकड्याचं, जे बरोबर होतं आणि कुणापर्यंत पोचलं नाही. एक गोष्टीचं, जे पोचलं आणि ज्यानं आम्हाला घरात बसवून ठेवलं.

गोष्टीची ताकद मला लहानपणापासून माहीत आहे. माझं आजोळ हरिपूर, जिथं वारणा कृष्णेला मिळते. तिथल्या जमिनीत हळदीची पेवं होती. वीस-पंचवीस फूट खोल, तोंड अरुंद आणि पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नसे. बंद पेवात कीड जगत नाही, तसा माणूसही जगत नाही. म्हणून पेव उघडलं की कुणी लगेच उतरत नाही. तोंड मोकळं ठेवून तासन् तास वाट पाहतात. मी सात-आठ वर्षांची असताना मामाला विचारलं होतं, "किती वेळ थांबायचं?" मामानं तास सांगितले नाहीत. त्यानं सांगितलं की त्याच्या वडलांनी एकदा कंदील दोराला बांधून आत सोडला, आणि अर्ध्यावर गेल्यावर ज्योत कुणीतरी चिमटीत धरावी तशी विझली. कंदील वर घेतला तर तेल होतं, वात होती, काच शाबूत होती. "ज्योत का मेली सांग," मामा म्हणाला. आज तीस वर्षांनीही मी बंद तळघराच्या दारात थबकते. नियम म्हणून सांगितलं असतं तर मी ते संध्याकाळपर्यंत विसरले असते. (ती पेवं पाच सालच्या पुरात बुडाली. हळद फुगली, पेवं ढासळली, आणि त्यानंतर तो धंदा पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही. मामा अजून त्या जागेवरून जाताना पाय जपून टाकतो.)

तेव्हा उत्तर गोष्टीसारखं द्यावं की नाही, हा माझा प्रश्नच नव्हता. गोष्ट कशाला बांधायची, हा होता. आणि त्याचं उत्तर भिजून गेलेल्या वह्यांत होतं.

नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेतात आणि त्याचं निरूपण करतात. सिद्धांत, दाखले, शंका, समाधान. मग नामाचा गजर होतो, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. तिथं गोष्ट येते, आणि मागं पेंगणारी पोरंही उठून बसतात. आजोबांच्या वहीत प्रत्येक आख्यानाच्या समासात एक बारीक ओळ असे: हे कोणत्या चरणासाठी. मला ते लहानपणी कळायचं नाही. एकदा त्यांनी एक फार रंगणारी गोष्ट वहीतून चक्क काटली होती. मी हिरमुसले, तर म्हणाले, "बाळ, लोक हसतात, रडतात, सगळं खरं. पण ही गोष्ट चरणाला येऊन मिळत नाही. नुसतीच चालत राहते." पुढं कधीतरी लक्षात आलं की त्यांचं आख्यान कितीही दूर गेलं, द्वारकेला, पंढरपूरला, तरी शेवटी ते अभंगाच्या त्याच ओळीवर येऊन टेकायचं. श्रोत्याला पाहता यायचं की गोष्ट कुठून निघाली आणि कुठं परत आली.

बाबांची पाच सालची गोष्ट कोणत्याच चरणाला बांधलेली नव्हती. पाच साली दुसऱ्या पायरीला पाणी आलं तेव्हा पुलावर किती होतं, कोयनेतून किती सुटत होतं, वारणेची काय अवस्था होती, हे तिच्यात नव्हतं. ते असतं तर १९ साली कुणीतरी म्हणालं असतं, की अहो, आकडा त्या खुणेच्या पुढं गेला, आता ही गोष्ट इथं संपली.

२०२० च्या टाळेबंदीत घरी बसून आम्ही तिघांनी आमच्या भागापुरती एक छोटी व्यवस्था केली. व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या घराची खूण सांगून प्रश्न विचारायचा, तिकडून उत्तर येतं. आकडे जाहीर होतात तेच घ्यायचे: कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, आणि कोयना व चांदोली धरणांचा विसर्ग. हे काम आठवड्याभरात झालं. उरलेले सात महिने गेले घरोघर विचारण्यात. तुमच्याकडे पाणी कुठं आलं, कधी आलं, तेव्हा तुम्ही काय समजत होता, मग काय झालं. ते सगळं आम्ही एका तक्त्यात भरत गेलो, दर घराची एक ओळ. लोक भिंतीवरचे डाग दाखवत. एका काकूंनी कपाटाचं दार उघडून आतली ओल दाखवली आणि तिथंच उभ्या राहून रडल्या.

त्याच काळात मी वाचलं की हाच घोळ दूर अमेरिकेतही झाला होता. १९८० च्या दशकात ज्युलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्सच्या दुरुस्ती तंत्रज्ञांबरोबर हिंडला. कंपनीनं त्यांना जाडजूड पुस्तकं दिली होती. यंत्रावर हा आकडा दिसला तर हे तपासा, तो दिसला तर ते. प्रत्यक्षात अवघड बिघाड सुटत होते ते जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांत. "माझ्याकडे एकदा असं झालं होतं" म्हणून एक सुरुवात करायचा, दुसरा मध्येच अडवायचा, "पण तेव्हा अमुक भाग गरम होता का?" आणि दोघांच्या गोष्टी जुळवता जुळवता तिसराच दोष सापडायचा. पुढं नव्वदच्या दशकात त्या कंपनीनं या अनुभवांसाठी 'युरेका' नावाची व्यवस्था बांधली, पहिल्यांदा फ्रान्समध्ये. मला त्यातल्या दोन गोष्टी फार पटल्या. प्रत्येक नोंदीवर सांगणाऱ्याचं नाव असे, आणि जाणत्या सहकाऱ्यांनी तपासल्याशिवाय ती सगळ्यांपुढं जात नसे. आजोबांची समासातली ओळच ती, थोड्या वेगळ्या रूपात.

आकड्यांचं आमचं भांडण मात्र वेगळ्याच ठिकाणी झालं. माझा मित्र म्हणाला, क्युसेक काढून टाकू, कुणाला कळत नाही. मी म्हटलं, ते कळत नाही कारण त्याची गोष्ट कुणी सांगितली नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, म्हणजे सेकंदाला दोन मोठ्या घागरी. ११,५७४ क्युसेकनं दिवसभर पाणी वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतो. कोयना धरणात भरून १०५.२५ टीएमसी मावतं. एवढं एकदा बसून समजून घेतलं की "विसर्ग एक लाख" या दोन शब्दांत दिवसाकाठी साडेआठ टीएमसी पाणी चालत येताना दिसतं. पाटणवरून, कराडच्या प्रीतिसंगमावरून, बहे, ताकारी, भिलवडी करत. आणि इथं आल्यावर हरिपूरला वारणा फुगलेली असेल तर कृष्णेला पुढं सरकायला वाव उरत नाही, ती मागं तुंबते. गेलेल्या पाण्याचं कारण आणि येणाऱ्या पाण्याची वाट एकदा डोळ्यांसमोर आली की माणूस स्वतःच पुढचं ओळखू लागतो.

अखेर उत्तर असं ठरलं. आक्कांच्या घरासाठी, पाणी ४१ फुटांवर असेल तर:

"आयर्विनला आत्ता ४१ फूट आहे, सकाळी सहाचा आकडा. तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं ते साधारण ५४ ला. २००५ ला तसंच झालं होतं आणि तिथून ते मागं गेलं. २०१९ ला पाणी याच ४१ वर असताना गल्लीतल्या लोकांना २००५ आठवलं आणि ते थांबले. त्या वेळी ते तुमच्या घरात खिडकीच्या चौकटीपर्यंत चढलं. काल रात्री कोयनेतून वाढवलेलं पाणी अजून वाटेत आहे आणि वारणाही भरून वाहतेय. म्हातारी माणसं, औषधं आणि कागद आज उजेडातच हलवा. प्रशासनानं बाहेर पडायला सांगितलं तर आमच्या उत्तराची वाट पाहू नका. नऊ वाजता पुन्हा विचारा, तोवर हे उत्तर जुनं झालेलं असेल."

पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा आक्कांनी एकाच वाक्यावर बोट ठेवलं. "थांबले, असं नुसतं नको लिहू. का थांबले ते लिही. आम्ही काय येडे होतो?" मी तिथं लिहिलं, "कारण २००५ ला थांबलेल्यांचं काही बिघडलं नव्हतं." आक्का म्हणाल्या, आता बरोबर. मला वाटतं त्या एका ओळीशिवाय बाकी उत्तर लोकांनी मानलं नसतं. ज्या गोष्टीत आपल्याला मूर्ख ठरवलंय, ती माणूस दुसऱ्याची समजतो.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० च्या पुढं गेलं. आक्का ४२ फुटांनाच निघाल्या. आदल्या दिवशी दुपारी, ऊन पडल्यासारखं झालं होतं तेव्हा, हातात पिशवी घेऊन. जाताना आमच्या दारात थांबल्या आणि बाबांना म्हणाल्या, "तुम्ही पण चला. तुमच्या रेघेवर माझा भरवसा न्हाई." बाबा हसले नाहीत. त्यांनी पेटी उचलली. गच्चीवर वाळवलेल्या पानांपैकी जी वाचता येतात ती आता तिच्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत, साठएक पानं.

आता यंत्रं पुष्कळ पुढं गेली आहेत. विचारलं की अस्खलित मराठीत उत्तर येतं, सुरुवात, मध्य, शेवट सगळं जिथल्या तिथं. गेल्या वर्षी एका मुलानं मला सुचवलं, ताई, तुमची ती तक्त्याची भानगड कशाला, सरळ यंत्रालाच सांगू दे की पाणी कुठवर येईल. मी त्याच्यासमोरच विचारून पाहिलं. उत्तर इतकं ओघवतं आलं की क्षणभर मलाच धीर वाटला. मग मी विचारलं, हे कोणत्या वेळच्या आकड्यावरून? कुणाच्या घराची खूण? त्यालाही तितकंच ओघवतं उत्तर आलं, आणि त्यातली खूण आमच्या गल्लीत नाहीच. माझा जीव घाबरला. एखादी अर्धवट माहिती आक्कांना निदान "म्हणजे कुठवर?" विचारायला भाग पाडते. छान सांगितलेली गोष्ट तो प्रश्नच विचारू देत नाही. ती ऐकून माणूस घरी जाऊन झोपतो. ज्यांच्या हातात अशी यंत्रं बांधण्याचं काम आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की त्यांना गोष्ट सांगायला जरूर शिकवा, पण समासाला जागा ठेवून. आकडा साठवलेल्या नोंदींतून आणायचा, त्याची वेळ सांगायची, कुणाच्या अनुभवातून आलंय ते सांगायचं. भाषा यंत्राची चालेल. पायरी खऱ्या घराचीच पाहिजे.

आम्हीही यंत्राची मदत घेतो, नाही असं नाही. बोलीत उत्तर फिरवून द्यायला ते फार चांगलं काम करतं. एका आजीला आकडे ऐकून समजतात, वाचून नाही, तिच्यासाठी ते वाचूनही दाखवतं. पण तक्ता आम्हीच भरतो, हातानं, आणि दर मे महिन्यात घरोघर जाऊन पुन्हा विचारतो. कुणी घर उंच बांधलंय, कुणी नवी भिंत घातल्यामुळं पाण्याची वाट बदललीय, कुणी गाव सोडून गेलंय.

यंदा आक्कांच्या घरी गेले तेव्हा त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी फोन काढून त्यांची ओळ वाचून दाखवली. घर: पिंपळाजवळचं, निळ्या दाराचं. उंबऱ्याला पाणी: ५४ फूट. २०१९: खिडकीची चौकट. सांगणारी: आक्का, स्वतः पाहिलेलं. तेव्हा काय वाटलं: एवढंच येणार. मग काय झालं: पोरांनी पाठकुळी नेलं.

"पुढं जागा हाय का अजून?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आहे.

"मग लिही, एकवीस साली बेचाळीसलाच निघाले. आणि गायीचं पण लिही, ती या वक्ताला माझ्यासंगं होती."